काटा खोटा की बॅटरी?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात मासेमारीबरोबर पर्यटकांची ने-आणही आता आउटबोर्ड मशिनांवर चालते. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबासाठी थांबणाऱ्या बोटी, कर्लीच्या मुखाशी त्सुनामी आयलंडला फेऱ्या मारणाऱ्या बोटी. पेट्रोलात पाणी गेलं, पंख्यात जाळं अडकलं, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप गेला, तर काय करायचं हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. बॅटरी उतरू लागली किंवा काटे वेडेवाकडे दाखवू लागले, की मात्र धक्क्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, संशय आला तो पार्ट बदला आणि धंद्याला लागा. दुसरा म्हणतो, मोजल्याशिवाय स्क्रूलाही हात लावू नका.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. एकीकडे दोन मशिनांच्या बोटीचा तरुण मालक, दुसरीकडे आयुष्य वायरींत गेलेला मेस्त्री. असं बोलणं प्रत्यक्षात मालवणीत होतं. सर्वांना वाचता यावं म्हणून ते साध्या मराठीत लिहिलं आहे.

बोटवाला : मेस्त्री, सरळ सांगतो. उजव्या मशिनाचं आरआर युनिट गेलंय. नवं टाका. बॅटरी मी काल नवी बसवलीय. आणि ते चार काटे काढून टाका, एक डिजिटल डिस्प्ले लावू. शनिवारपासून बुकिंग आहे.

मेस्त्री : आरआर युनिट गेलं हे कुणी सांगितलं?

बोटवाला : काट्यानं. मशीन चालू असताना व्होल्टचा काटा साडेअकराच्या वर सरकत नाही. एका सीझनमध्ये ही दुसरी बॅटरी. चार्जिंगच होत नाही, याला अजून पुरावा कशाला?

मेस्त्री : तो काटा कुठलं व्होल्टेज दाखवतो?

बोटवाला : बॅटरीचं. दुसरं कुठलं?

मेस्त्री : नाही रे झिला. काटा दाखवतो ते त्याच्या स्वतःच्या पाठीवरच्या दोन नटांमधलं व्होल्टेज. बॅटरी मागे, काटा पुढे स्टिअरिंगपाशी. मधे पंधरा-वीस फूट वायर, किल्ली, फ्यूजची पट्टी, दोन-तीन जोड, आणि सगळ्या काट्यांना मिळून एकच अर्थची वायर. या प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं. बॅटरीवर साडेबारा असेल आणि काट्यापर्यंत साडेअकराच पोचत असतील, तर काटा खोटं बोलत नाही. त्याला मिळालं तेवढंच तो सांगतो. त्यावरून तू बॅटरीचं निदान केलंस, तिथे चुकलं.

बोटवाला : पण बॅटरी खरोखर उतरते ना! परवा किल्ल्याजवळ सेल्फ मारला तर नुसता टक्‌ आवाज. पाण्यात चार माणसं होती. दुसऱ्या मशिनावर परत आलो.

मेस्त्री : ते मी नाकारत नाही. उतरते हे खरं. का उतरते, हे त्या काट्यानं सांगितलेलं नाही.

इथे थोडं थांबून मशिनाच्या पोटात वीज कुठे तयार होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण नुसतं भांडण राहील. वरचं झाकण काढलं की जे जड चाक दिसतं, ज्याला आपले मेस्त्री मॅग्नेट म्हणतात, त्याच्या कडेला आतून लोहचुंबक बसवलेले असतात. त्याखाली तांब्याच्या तारेची वेटोळी गोलाकार पक्की बसवलेली असतात. ती कॉइल किंवा स्टेटर. चाक फिरलं की चुंबक वेटोळ्यांवरून जातात आणि तारेत वीज उमटते. ही वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. बॅटरीला ती चालत नाही. म्हणून रेक्टिफायर तिला एकाच दिशेची करतो आणि रेग्युलेटर तिचा जोर साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत ठेवतो. बहुतेक मशिनांत दोन्ही एकाच डबीत असतात. तीच आरआर युनिट. तिथून जाड लाल वायर फ्यूजमधून बॅटरीकडे जाते. जुन्या लहान मशिनांत रेग्युलेटर नसायचाच, नुसता रेक्टिफायर. बॅटरी भरली तरी मशीन तिच्यात वीज ढोसत राहायचं आणि तिचं पाणी आटायचं.

आणखी एक धागा महत्त्वाचा आहे. काट्याच्या जुन्या पद्धतीत आरपीएमचा काटा याच कॉइलच्या स्पंदनांवर चालतो. कॉइलला बारा ध्रुव असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात सहा स्पंदनं येतात. पाच हजार आरपीएमला ती सेकंदाला पाचशे होतात. काटा ती मोजतो आणि आकडा दाखवतो. ध्रुव किती, हे काट्याच्या पाठीवरच्या छोट्या बटणावर निवडावं लागतं. ते चुकीच्या जागी असेल तर काटा चालतो, पण आकडा चुकीचा येतो.

मेस्त्री : आता मला सांग, व्होल्टचा काटा साडेअकरा दाखवत होता, तेव्हा आरपीएमचा काटा काय करत होता?

बोटवाला : तो बरोबर चालतो. फुल थ्रॉटलला साडेपाच हजार. त्याचा इथे काय संबंध?

मेस्त्री : सगळा संबंध त्याचाच. तुझ्या या मशिनावर तो चार्जिंगचा पहिला साक्षीदार आहे. कॉइल जळली असती किंवा आरआर युनिट आतून शॉर्ट झालं असतं, तर आरपीएमचा काटा पडला असता, निदान उड्या मारल्या असत्या. चार्जिंग नाही आणि आरपीएमही नाही, अशी जोडी दिसली तर संशय कॉइलवर नाहीतर आरआर युनिटवर. चार्जिंग नाही पण आरपीएम सुरळीत, तर वीज बहुतेक तयार होतेय, वाटेत हरवतेय. मग आधी फ्यूज, त्याचा होल्डर, लाल वायर, बॅटरीचे लग हे बघायचं. तू आणायला निघालास ते आरआर युनिट, आणि सगळ्यात जास्त संशय येतो तो शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूवर.

बोटवाला : पलीकडच्या धक्क्यावर नवी बोट आलीय. तिच्या डिस्प्लेवर आरपीएम असं कॉइलवरून येत नाही म्हणतात.

मेस्त्री : बरोबर म्हणतात. नव्या मशिनांत कॉम्प्युटरकडून डेटा केबलनं आरपीएम येतं. तिथे आरपीएम दिसतं म्हणून कॉइल चांगली, असं धरता येणार नाही. म्हणून तर म्हणतो, काटा वाचण्याआधी तो कुणाचं ऐकून बोलतो ते विचार. वायरींचे रंगही असेच. काही कंपन्यांच्या मशिनात कॉइलच्या वायरी पिवळ्या आणि आरपीएमची करडी, तर एका मोठ्या जपानी कंपनीत कॉइलच्या हिरव्या. रंग पाठ करून काम करणारा एक दिवस भलतीच वायर तोडतो. त्या मॉडेलचा नकाशा समोर हवा.

माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. दोन काटे एकत्र वाचले की अर्धं निदान खिशातून पैसा न काढता होतं. तरी बहुतेक बोटमालक एकेक काटा सुटा वाचतात, आणि जो घाबरवतो त्याच्यावर विश्वास ठेवतात.

बोटवाला : ठीक आहे, मोजा. पण मी सांगून ठेवतो, मीटर घेऊन बसलात की दुपार होते. माझ्या डाव्या मशिनावर अगदी हेच आरआर युनिट आहे. चार नट काढून इकडचं तिकडे केलं तर वीस मिनिटांत कळेल. मीटरपेक्षा हे काय वाईट?

मेस्त्री : वाईट अजिबात नाही. चालू मशिनावरचा, चांगला आहे हे ठाऊक असलेला पार्ट लावून बघणं ही पक्की चाचणी आहे. दोन सारखी मशिनं असतील तर मीही करतो. पण दुकानातून नवा पार्ट आणून लावणं ही चाचणी नव्हे, तो अंदाज. विजेचा पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. आणि अदलाबदलीतही एक धोका आहे. उजव्या बाजूला जोड ढिला असेल आणि त्याच कारणानं तिथलं युनिट जळलं असेल, तर डावीकडचं चांगलं युनिटही तू तिथे नेऊन जाळशील. बॅटरीचा लग हलला, चालत्या मशिनाची बॅटरी क्षणभर सुटली, तर जाणारी वीज जाणार कुठे? व्होल्टेज उसळतं आणि डायोड फुटतात. म्हणून मशीन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढायची नाही. बघण्यासाठीही नाही. बोटीवरची पोरं चार्जिंग होतंय का ते बघायला हीच गोष्ट करतात.

बोटवाला : आमच्याकडे करतात. मोटारसायकलवाल्याकडून शिकली.

मेस्त्री : त्यांना सांग. आणि बॅटरीवर ते हातानं फिरवायचे पंखनट आहेत ते काढ. लाटांवर बोट आपटते, ते सैल होतात. पान्यानं आवळायचा षटकोनी नट लाव, खाली दातेरी वॉशर.

मग मोजणी झाली. ती मी जरा सावकाश सांगतो, कारण हीच वाट कुणालाही कामी येईल. मशिनाला पाणी जोडलेलं, गिअर न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ कुणी नाही, पेट्रोलचा वास नाही एवढं आधी पाहिलं. रात्रभर शांत बसलेल्या बॅटरीच्या थेट खुंटांवर मीटर लावला : १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विसाव्यात १२.६ ते १२.७ दाखवते, अर्धी उतरलेली साधारण १२.२. म्हणजे बॅटरी ठीक. सेल्फ मारताना आकडा दहाच्या वर राहिला. साडेनऊच्या खाली कोसळला असता तर बॅटरी किंवा तिच्या जाड वायरी संशयात आल्या असत्या. मग मशीन अडीच हजार आरपीएमला धरलं आणि पॅनेलवरचं सगळं चालू केलं. बॅटरीवर १२.४. चालू मशिनावर हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा होता. चार्जिंग होत नाही, ही बोटवाल्याची तक्रार इथे खरी ठरली.

बोटवाला : बघा! मी काय म्हणत होतो?

मेस्त्री : अजून अर्धंच झालंय. काळी पिन बॅटरीच्या वजा खुंटावर राहू दे. लाल पिन आता आरआर युनिटच्या लाल वायरीवर लावतो, जिथून वीज बाहेर पडते तिथे. किती?

बोटवाला : चौदा पूर्णांक चार.

मेस्त्री : युनिटच्या तोंडाशी १४.४ आणि बॅटरीशी १२.४. दोन व्होल्ट मधे कुठे गेले? युनिट बिचारं आपलं काम करतंय. आता एक पिन फ्यूज होल्डरच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला.

बोटवाला : एक पूर्णांक नऊ. पण फ्यूज तर शाबूत आहे! मी स्वतः काढून बघितला. टेस्टरचा दिवाही लागला.

मेस्त्री : फ्यूज शाबूतच आहे. होल्डरला हात लाव. गरम लागतो ना? उघड. हिरवट बुरा बघ. खारं पाणी वायरीच्या धाग्याधाग्यात चढलंय. टेस्टरच्या दिव्याला नखभर करंट लागतो, तेवढा या बुऱ्यातूनही जातो. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो. नळ सोडला की धार बारीक होते. हे तसंच. म्हणून जोडाची परीक्षा करंट वाहत असताना करायची, दोन्ही टोकांना पिन लावून. निरोगी जोडावर शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. दोन-तीन दशांशाच्या वर गेला की उघडून बघ.

होल्डर कापून काढला. जोड नव्या तांब्याच्या चकचकीत भागापर्यंत सोलून घेतले, कलई केलेली वायर, दाबून बसवलेले लग, वर गोंद असलेली आकसणारी नळी. पुन्हा अडीच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.९ आले. आरआर युनिट जुनंच.

बोटवाला : मान्य. पण माझंही ऐका. हा होल्डर पुढच्या वर्षी पुन्हा कुजणार. खारं पाणी कुणाचं ऐकत नाही. मी शनिवारी सकाळी आठला पर्यटक घेऊन उभा असतो, तेव्हा वायरींच्या दोन्ही टोकांना पिना लावायला मला वेळ नसतो. म्हणून मी दरवर्षी नवी बॅटरी टाकतो, नवा पार्ट ठेवतो. तुम्ही त्याला उधळपट्टी म्हणा, मी विमा म्हणतो.

मेस्त्री : जादा पार्ट बोटीवर ठेवायला माझी हरकत नाही. ठेवच. फ्यूज ठेव, होल्डर ठेव, सेल्फचा रिले ठेव. पण नव्या बॅटरीनं आजार झाकला जातो, हे लक्षात घे. चार्जिंग बंद असलेल्या बोटीत भरलेली नवी बॅटरी टाकलीस, तर काही दिवस सगळं उत्तम चालतं. तुला वाटतं दुरुस्त झालं. तुझ्या मशिनाला इंधनपंप आणि कॉम्प्युटर आहेत. बॅटरी पुरती झोपली की सेल्फ नाही, वर उचलायची मोटर नाही, आणि हुडाखाली दोरी गुंडाळूनही ते धड चालू होईल याची खात्री नाही. तुझ्या बाबांचं दोरीचं मशीन वेगळं होतं.

हे वेगळेपण विसरलं जातं. १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड यांनी विकायला काढलेलं आउटबोर्ड हातानं चाक फिरवून सुरू व्हायचं. दोरीच्या लहान मशिनांना आजही बॅटरी नसली तरी चालतं. ठिणगीपुरती वीज ती स्वतःच बनवतात. जुने तांडेल बॅटरीला ऐष समजतात ते त्या अनुभवातून, आणि त्या मशिनांपुरतं ते खरंही आहे. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक मशिनावर मात्र बॅटरी हा इंधनाइतकाच आवश्यक भाग आहे. बापाचा हिशेब मुलाच्या मशिनाला लागू पडत नाही.

बोटवाला : मग आता काम संपलं? बॅटरी उतरणार नाही?

मेस्त्री : ते तुझ्या वागण्यावर आहे. डॉल्फिन दाखवताना मशीन कितीवर असतं?

बोटवाला : आयडलवर. हजाराच्या खाली. जोरात गेलं तर डॉल्फिन बुडी मारतात. चांगला तासभर तसंच.

मेस्त्री : आणि तेव्हा स्पीकर चालू, मासे शोधायचं यंत्र चालू, पंप अधूनमधून, चार जणांचे मोबाईल चार्जिंगला. मशिनाच्या कागदावर जे अँपियर लिहिलेले असतात ते जवळजवळ पूर्ण वेगाचे. आयडलला त्यातला थोडाच भाग मिळतो. समज चार अँपियर येतात आणि आठ जातात. तासाला चार अँपियर-अवर बॅटरीतून गेले. स्कूबाला थांबलास तर मशीन बंद आणि गाणी चालूच. तिथे आठच्या आठ बॅटरीतून.

बोटवाला : मला वाटायचं सेल्फच बॅटरी खातो. दिवसात पन्नासदा मारावा लागतो.

मेस्त्री : हिशेब कर. सेल्फ दीडशे अँपियर खेचतो असं धर, तीन सेकंद. साडेचारशे अँपियर-सेकंद. तासाच्या छत्तीसशे सेकंदांनी भाग. एक अष्टमांश अँपियर-अवर. पन्नास वेळा मारलास तरी सहा-सव्वासहा. तुझा स्पीकर आणि बाकीचं मिळून ते एका तासात जास्त खातात. म्हणून कधी कधी सगळे पार्ट चांगले असतात, एकही जोड कुजलेला नसतो, आणि तरी बॅटरी उतरते. अशा बोटीवर कितीही आरआर युनिटं बदल, काही होणार नाही. सेल्फची बॅटरी वेगळी आणि गाण्याची वेगळी ठेव. नाहीतर फेरीच्या शेवटी पंधरा मिनिटं जोरात चालवल्यानं सगळं भरून निघेल अशी आशा सोड.

बोटवाला या मुद्द्यावर बराच वेळ बोलला नाही. त्याच्या धंद्यात गाणी ही पर्यटकांची मागणी आहे, आणि दुसरी बॅटरी म्हणजे वजन, जागा, पैसा. त्याची अडचण खरी आहे. पण अडचण खरी असल्यानं गणित बदलत नाही.

मग काट्यांचा विषय निघाला.

बोटवाला : चार्जिंग झालं. पण काटे तरी काढाच. व्होल्टचा काटा कमी दाखवतो, पेट्रोलचा कायम फुल दाखवतो, रात्री दिवे लावले की सगळे एकदम हलतात. असल्या काट्यांचा उपयोग काय? मी मशिनाच्या आवाजावरून चालवतो.

मेस्त्री : सगळे एकदम हलतात ना, मग सगळे बिघडलेले नाहीत. चार काटे एकाच दिवशी कसे मरतील? त्यांच्यात समाईक काय आहे ते बघ. अर्थ. बॅटरीच्या वजा खुंटापासून काट्याच्या काळ्या वायरीपर्यंत मीटर लावला, सहा दशांश व्होल्ट. दिवे लावले, नऊ दशांश. म्हणजे पॅनेलची अर्थ वायर कुजलीय आणि दिव्यांचा करंटही तिच्यातूनच परत जातोय. ही एक वायर जाड टाक, चारही काट्यांचं असं एकदम हलणं थांबेल. डिजिटल डिस्प्ले लावलास तरी तो याच कुजक्या अर्थवर बसणार होता.

बोटवाला : आणि पेट्रोलचा?

मेस्त्री : तो सगळ्यांत घातकी. रिकामी टाकी रिकामी दाखवली तर तू सावध होतोस. रिकामी टाकी भरलेली दाखवली तर तू समुद्रात जातोस. तुझ्या टाकीत तरंगता गोळा आहे. टाकी रिकामी असताना तो साधारण २४० ओहम देतो, भरलेली असताना ३३. अवरोध कमी झाला की काटा फुलकडे जातो. किल्ली बंद कर, काट्यामागची गुलाबी वायर काढ, किल्ली चालू कर. काटा कुठे?

बोटवाला : रिकाम्यावर पडला.

मेस्त्री : काटा चांगला. ती वायर परत जोड. आता किल्ली बंद करून टाकीवरचं टोक काढ. किल्ली फिरव.

बोटवाला : फुल. टाकीवरून वायर काढली तरी फुल!

मेस्त्री : मग हा दोष गोळ्याचा नाही. मधली वायर कुठेतरी सोलून काळ्या वायरीला किंवा टाकीच्या पट्टीला टेकलीय. वायर बदल, बस्स. युरोपी बनावटीचे काटे उलट चालतात, तिथे हीच चाचणी उलटा निकाल देते, एवढं लक्षात ठेव. आणि टाकीजवळ काम करताना आधी फळी उघडून हवा जाऊ दे. किल्ली चालू असताना तिथे वायर काढायची नाही. ठिणगी पडली तर काट्याची चिंता उरणार नाही.

बोटवाला : तापमानाचा काटा मात्र कधी त्रास देत नाही. कायम थंड.

मेस्त्री : कायम? सकाळी चालू करताना थंड आणि तासभर पळवल्यावरही तितकाच थंड?

बोटवाला : होय. पाण्याची धार चांगली आहे ना.

मेस्त्री : धार चांगली असेलही. पण तापमानाच्या काट्यात वायर तुटली की काटा थंडच दाखवतो. तुटलेली वायर आणि निरोगी मशीन त्या काट्यावर सारखीच दिसतात. चालू मशिनाचा काटा थोडा तरी चढायला हवा. जो काटा कधीच हलत नाही त्याच्यावर मी सगळ्यांत कमी विश्वास ठेवतो. आवाजावरून चालवतोस ते चांगलंच, मीही आवाज ऐकतो. पण मशीन तापत असताना आवाज बदलतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

बोटवाला : मेस्त्री, तरी एक सांगतो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तुम्हाला एवढा वेळ दिला नसता. आज बुकिंग नव्हतं म्हणून मी उभा राहिलो. सीझनमध्ये मी पुन्हा पार्टच बदलीन.

मेस्त्री : सीझनमध्ये बदल. डाव्या मशिनावरचा लावून बघ, बोट चालती कर, माणसं सुखरूप आण. पण संध्याकाळी जुना पार्ट फेकू नको आणि मोजायचं टाळू नको. आणि आजचे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेव.

वाद इथे मिटला नाही, आणि तो पूर्ण मिटावा असं मलाही वाटत नाही. हंगामातल्या सकाळी बोटवाल्याची घाई रास्त आहे. किनाऱ्यावर थांबलेल्या प्रवाशांना व्होल्टेजचा उतार समजावता येत नाही. तरी निकाल द्यायचा तर मी मेस्त्रीच्या बाजूनं देईन. कारण हा प्रश्न फक्त बोटमालकाच्या पैशाचा नाही. त्याच्या बोटीत बसलेल्या माणसांना बॅटरीचं वय ठाऊक नसतं, पेट्रोलचा काटा फुलवर अडकलेला आहे हेही ठाऊक नसतं. त्यांनी त्याच्यावर सोपवलेल्या विश्वासात हे काटेही आले.

मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या असतात. ओढण्यापूर्वी मशीन गोड्या पाण्यानं धुतलं जातं, ग्रीस भरलं जातं. त्यात एक सकाळ विजेसाठी काढा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. विसाव्यातली बॅटरी, चालू मशिनावरची बॅटरी, आरआर युनिटचं तोंड आणि पॅनेलची अर्थ एवढं मोजा, आकडे तारखेसह झाकणाच्या आत लिहा, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या फेरीआधी पुन्हा मोजून ताडून पाहा.